जाड पाते

एकदा एका वृद्ध सुताराने आपल्या सर्वांत नव्या शिष्याच्या रंध्याला पोलादाचे नवेकोरे पाते दिले, आणि सर्वांत जुन्या शिष्याचे जेवणावरचे मन उडाले.

जुना शिष्य गुणाजी. बारा वर्षे तो त्या सुताराच्या, म्हणजे आबांच्या, हाताखाली राबत होता. नव्याचे नाव बाबल. त्याला येऊन पुरते वर्षही झाले नव्हते. त्या दिवसांत तिघेही एका देवळाच्या आवारात मांडव घालून सागवानी दरवाजा घडवीत होते. आबांच्या घराण्याची रीत अशी, की देवळाच्या दरवाजावर शेवटचा रंधा ज्याचा फिरेल, तोच पुढचा मेस्त्री. आबांनी अजून कुणाचे नाव घेतले नव्हते. पण पाते मात्र दिले बाबलला. याचा अर्थ गुणाजीने काय लावायचा? तुम्ही-आम्ही लावला असता तोच त्याने लावला.

आबांनी बाबलच्या जुनाट रंध्यातले झिजलेले पाते काढले, त्याच्या दुप्पट जाडीचे नवे बसवले आणि पाचर ठोकली. बाबलने फळीवर रंधा मारला. एकसंध, लांबलचक ढलपी निघाली. बाबल हसला. ते हसू गुणाजीला सोसवेना.

"मला नाही दिलंत कधी, आबा," तो शेवटी बोललाच.

"तुला नको ते," एवढेच म्हणून आबा आपल्या कामाला लागले.

तुला नको! बारा वर्षांच्या चाकरीची हीच किंमत? तीन दिवस गुणाजी आतल्या आत जळत राहिला. बाबलच्या रंध्याचा आवाज कानावर आला की त्याचा हात थांबे. बाबलने पाणी आणून दिले, तेही त्याने घेतले नाही.

चौथ्या दिवशी दुपारी बाबल नदीवर आंघोळीला गेला आणि आबा जरा लवंडले. गुणाजीने झटकन ते पाते काढून आपल्या रंध्यात घातले. ते बसेना. रंध्याच्या तळाशी एक फट असते. सुतार तिला तोंड म्हणतात. पाते तिथून खाली डोकावते आणि ढलपी तिथूनच वर येते. गुणाजीच्या रंध्याचे तोंड अरुंद होते. त्याने कानस उचलली आणि तोंड घासले. पाते बसले, पण ढलपी अडकली. त्याने आणखी घासले. मत्सराच्या हातात कानस असली की ती कुठे थांबायची? अखेर रंधा चालला. चालला तो बाबलच्या रंध्यासारखाच, तसूभरही सरस नाही.

पाते परत ठेवून त्याने आपले पातळ पाते पुन्हा बसवले आणि एका तुकड्यावर रंधा मारून पाहिला. लाकूड साल ओढल्यासारखे उपटून आले. त्याने पाचर घट्ट केली, धार लावली, तरी तेच. मागे आबा कधीचे उभे होते.

आबा रागावले नाहीत. दोन्ही रंधे त्यांनी उलटे करून मांडीवर घेतले.

"बाबलचा रंधा माझ्या चुलत्याचा. वापरून वापरून त्याचं तोंड फाकलं होतं. फाकलेल्या तोंडात पातळ पातं लाकूड उपटतं, म्हणून जाड घालून ती फट भरली. मी त्याला औषध दिलं, गुणा; तुला तो पेढा वाटला. तुझ्या रंध्याचं तोंड सकाळपर्यंत असं होतं, की कागद जेमतेम जावा. असा रंधा माझ्याकडेही नाही. दरवाजावरचा शेवटचा हात मी तुझ्या या रंध्याचाच धरला होता. म्हणून म्हटलं, तुला नको."

गुणाजीने आपल्या रंध्याच्या घासलेल्या तोंडावरून बोट फिरवले. त्याने विचारले, "आता?"

"आता तोंडाशी थिगळ बसवायचं, शिसमाचं. सागाचं झिजेल. आणि आपल्याकडचं ते शिसम फार आडमुठं आहे. पातळ पातं त्यावर थरथरतं; त्याला बाबलचंच पातं लागेल." आबा उठले. "या खेपेला मागून घे."

बाबल नदीवरून आला तेव्हा गुणाजी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. पाते काढल्याचे त्याने सांगितले, तीन दिवसांची जळजळही सांगितली. मान वर करून बोलणे त्याला जमले नाही.

"मागायचं होतंस की, गुणादादा," बाबल म्हणाला, आणि ओल्या कपड्यांनिशीच शिसमाचा तुकडा साफ करायला बसला.

दरवाजा चार दिवस खोळंबला. थिगळाचा सरस वाळल्यावर दरवाजावर शेवटचा रंधा गुणाजीचाच फिरला आणि पुढे मेस्त्रीही तोच झाला. पण पाते नीट बसले की नाही हे पाहायला तो रंधा उलटा करी, तेव्हा ते काळे थिगळ दर खेपेला त्याला दिसे.

शेजाऱ्याला काही नवे मिळालेले दिसले, तर कानस उचलण्याआधी आपल्या रंध्याचे तोंड एकदा पाहून घ्यावे.