लाल चिंधी आणि झुलता पूल

एका डोंगराळ राज्यात झुलते पूल बांधणारा एक कारखाना होता. तिथल्या अंगणात दहा-बारा जण मिळून दोर वळत. एकाने ओढायचं, दुसऱ्याने पीळ द्यायचा, तिसऱ्याने "सोड आता!" म्हणून ओरडायचं. आरडाओरडीशिवाय ते काम होणारच नव्हतं.

आतल्या खोलीत मात्र एक म्हातारी त्या दोरांना गाठी मारत बसे. एकेका गाठीला एकवीस वेढे. मोजणी चुकली की गाठ सोडून पुन्हा पहिल्यापासून. म्हणून काम चालू असताना ती दाराला लाल चिंधी बांधी. चिंधी दिसली की खुद्द राजासुद्धा बाहेर थांबे.

आणखी एक रीत होती. नव्या पुलावरून सगळ्यांत आधी गाठी मारणाऱ्यानेच चालायचं. म्हातारी अशी चाळीस पुलांवरून चालली होती.

एके वर्षी राजाने नवा कारभारी नेमला. जन्मात त्याने साधी सुतळी वळली नव्हती, पण अक्कल शिकवायला सगळ्यांच्या पुढे!

"ही भिंत कशाला? सगळ्यांनी एकत्र बसावं, बोलावं, म्हणजे एकी वाढते," असं म्हणून त्याने भिंत पाडली, चिंधी उकिरड्यावर टाकली आणि सगळे नजरेखाली राहावेत म्हणून मधोमध स्वतःची बैठक मांडली.

"अहो कारभारी, मला मोजायचं असतं," म्हातारी म्हणाली.

"मग मोजा की आजी! तुमचा हात कुणी धरलाय?"

सतरा वेढे झाले की कुणीतरी विचारी, "आजी, कात्री बघितली का?" अठराव्याला कारभारीच ओरडे, "झालं का?" ती गाठ सोडायला गेली की म्हणे, "आता सोडत बसू नका, पुढची घ्या!" म्हातारीच्या अंगाचा तिळपापड होई. ज्या हातांवर जन्मभर विसंबली, त्यांचाच तिला भरवसा वाटेना.

अखेर पूल उभा राहिला. पलीकडच्या गावची पोरं रोज त्यावरून शाळेत येणार होती. दरीकाठी राजा आला, सारा गाव जमला.

"चला आजी, पहिलं पाऊल तुमचं," कारभारी हसत म्हणाला.

म्हातारी दगडावर बसून राहिली. "मी नाही चालणार. यातली कुठली गाठ कच्ची आहे, ते मलाच ठाऊक नाही. गाठी कशा मारायच्या ते यावेळी तुम्ही ठरवलंत. तुम्हीच चाला."

राजाने कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभाऱ्याने एक पाय फळीवर ठेवला. दोर करकरला. त्याने झटकन पाय मागे घेतला.

"महाराज, मला जरा घेरी येते..."

म्हातारी ताडकन उठली. "तुम्हाला एक पाऊल टाकवत नाही, आणि त्या लेकरांना रोज पाठवणार होता? लाज नाही वाटत?"

राजाने पूल उतरवला. सगळ्या गाठी सोडून पाहिल्या, तर अकरा गाठींचे वेढे कमी निघाले. राजाची मान खाली गेली.

"आजी, तुम्हीच सांगा, काय करू?"

"अंगण मोकळंच राहू द्या. दोर एकट्याने वळता येत नाही. मला फक्त माझी भिंत परत द्या."

भिंतीची माती कारभाऱ्याने डोक्यावरून वाहिली. दाराला नवी लाल चिंधी लागली. पुन्हा पूल झाला, तेव्हा म्हातारी एकटी त्यावरून चालत गेली आणि पलीकडे पोचून पोरांना म्हणाली, "जा रे आता, खुशाल जा!"

तात्पर्य काय, तर दुसऱ्याच्या कामाची जागा ठरवणाऱ्याने त्या कामाच्या पुलावरून आधी स्वतः चालून दाखवावं.