लेन्सवरची काळी पट्टी

“आणि बॅटरी?” यमुनाक्काने विचारलं.

“नवी घातली.”

“लेन्सच्या बुडाचे पॉइंट?”

“पुसले, आक्का. मला काय कालचा पोरगा समजता?”

“फोकस तपासायचा तक्ता लावून बघितलास?”

“बघितला. अंगणाच्या एका टोकाला कॅमेरा, दुसऱ्या टोकाला तक्ता. वीस फोटो काढले. वीसच्या वीस साफ. बारीकातली बारीक रेघ दिसते.”

“मग बिघडलंय काय?”

भरमूने कॅमेरा पुढे केला.

“आबा फोटोत येत नाहीत. पाखरू येतं, तक्ता येतो. आबा तेवढे धुरकट. त्यांच्या मागची खिडकी लख्ख.”

यमुनाक्का नवऱ्याच्या मागे एकटीच कॅमेरे दुरुस्त करत बसायची. आजऱ्यात, चिंचेच्या झाडासमोरच्या ओसरीवर. आता कोण दुरुस्त करून घेतो? महिना महिना गिऱ्हाईक नाही. भरमूने पहिला कॅमेरा हातात धरला तो हिच्याच ओसरीवर. आता त्याच्या पाखरांच्या फोटोंना मोठमोठी बक्षिसं मिळतात. मोठा माणूस झाला की ओसरीची वाट विसरतो. हाही विसरला होता.

“तुझ्या बापाला काय झालंय?”

“लकवा. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले घरी न्या, चार-आठ दिवस... एक चांगला फोटो हवा, आक्का. त्यांचा एकही फोटो नाही माझ्याकडे.”

“मोबाईलने काढ की.”

“मोबाईलने? लोक काय म्हणतील? आणि हल्ली माझ्याकडे ही एकच लेन्स आहे. बाकीच्या विकल्या.”

“किती दिवसांनी गेलास घरी?”

“...तिसरं वर्ष.”

“आता त्याच्यापाशी कोण आहे?”

“शेजारची म्हातारी बसलीय.”

आक्काने लेन्स हातात घेतली नाही. तिने स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर, चार पावलांवर बसली.

“काढ माझा.”

लेन्स घर्र करून पुढे गेली, घर्र करून मागे आली. थांबली. भरमूने पडद्यावर बघितलं. आक्का धुरकट. मागची चिंच लख्ख.

“बघा! हेच. मला वाटायचं आबाच हलतात म्हणून.”

“हलतात? कसे?”

“डावा हात हलवतात सारखा. म्हटलं, आबा, जरा स्थिर धरा. ऐकतच नाहीत.”

“करून दाखव.”

भरमूने डावा हात उचलला. तळवा खाली केला. चार बोटं आपल्याकडे ओढली. पुन्हा ओढली.

आक्का त्या हाताकडे बघत राहिली.

मग उठली, स्टूल उचललं, आणि अंगण ओलांडून चिंचेच्या बुंध्याशी जाऊन बसली.

“आता काढ!” ती तिथून ओरडली.

काढला. तिच्या पापणीचा केस न् केस दिसला.

“एकदम साफ!”

“मग आबालाही एवढ्या लांब नेऊन बसव.”

“त्यांना उठवत नाही, आक्का...”

आक्का परत आली. आता तिने लेन्स मागितली. कडेला काळी चिकटपट्टी होती, उन्हाने कडक झालेली. नखाने तिने ती खरवडून काढली. खाली एक बारीक कळ निघाली.

भरमूचा चेहरा उतरला.

ती कळ एकीकडे असली की लेन्स जवळचं-लांबचं सगळं बघते. दुसरीकडे सारली की वीस फुटांच्या आतलं बघायचं नाही, असा तिला हुकूम.

“ही पट्टी कुणी लावली?”

“मीच. तळ्यावर बसायचो. पाखरू लांब, आणि ही मधल्याच गवताच्या काडीवर अडकायची. म्हणून जवळचं बंद केलं. कळ सरकू नये म्हणून पट्टी...”

“कधी?”

भरमूने लेन्स परत कॅमेऱ्याला बसवली. कळ सारली. मग त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा तेज आलं.

“म्हणजे कॅमेरा ठणठणीत! आता येईल फोटो. किती लांब उभा राहू, आक्का? चार पावलं? की तीन?”

आक्का स्टुलावर बसली. डावा हात उचलला. तळवा खाली केला. चार बोटं आपल्याकडे ओढली.

भरमू एक पाऊल पुढे आला. कॅमेरा डोळ्याला होताच.

हात थांबला नाही.

आणखी एक पाऊल.

हात थांबला नाही.

त्याचे गुडघे तिच्या गुडघ्यांना टेकले, तेव्हा हात थांबला.

लेन्स एकटीच घर्र घर्र करत होती.

“आक्का,” भरमू म्हणाला, “इतक्या जवळून हिच्यासारखी लांब पल्ल्याची कुठलीच लेन्स... नाही धरत फोकस.”

“मग खाली ठेव ती.”