घंगाळाचं इंजिन

एका गावात महिपत पांचाळ नावाचा एक माणूस राहायचा. न्हाणीघरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो वाफेचं इंजिन बांधत होता. रुळांवरचं नव्हे, रस्त्यावर चालणारं. तसलं एक त्यानं लहानपणी पाहिलं होतं. धरणाचं काम चालू असताना ते गावातून गेलं होतं. मागची चाकं माणसाहून उंच, पुढं धुराडं, कुशीला गरगर फिरणारं जड चाक, आणि पाठीमागं दगडांनी भरलेल्या गाड्यांची रांग. आत काय, तर पाणी आणि विस्तव. एवढ्यावर डोंगर हलतो हे पाहून महिपत जो थक्क झाला, तो केस पिकले तरी थक्कच होता.

आता तो तेच इंजिन घडवत होता, मापानं चौथाई. लेथवर एकेक भाग कातायचा, कानसीनं घासायचा, मनासारखा झाला नाही की भंगारात टाकायचा. बॉयलरला जाड तांबं हवं होतं. त्यासाठी बायकोचं माहेरून आलेलं घंगाळ मोडीत गेलं. त्याची बायको, गोदावरी, शेडच्या दारात येऊन विचारायची, "अंघोळीचं पाणी आता काय टोपीत तापवू का तुमच्या?" पण एखादा नवा भाग चकाकताना दिसला, की तीही जरा वेळ बघत उभी राहायची.

बॉयलर तयार झाला तेव्हा भैरोबाची जत्रा तोंडावर आली होती. इंजिनामागं बाकांची गाडी जोडून पोरांना फिरवायचं ठरलं होतं. सरपंच जयवंतरावांनी तसं लाऊडस्पीकरवरून सांगूनही टाकलं होतं. आता एकच काम उरलं होतं. बॉयलर थंड पाण्यानं गच्च भरून, पंपानं वाफेच्या दुप्पट दाब देऊन पाहायचा. सांधा थंड पाण्यानं सुटला तर फार तर कपडे भिजतात. वाफेनं सुटला तर शेजारचा माणूस उरत नाही.

महिपतनं पंप मारला. दाबाचा काटा चढला आणि हळूहळू खाली येऊ लागला. बॉयलरच्या पोटातल्या भट्टीच्या आत, आरसा धरल्याशिवाय दिसणार नाही अशा कोपऱ्यात, एका सांध्यावर पाण्याचा थेंब फुगत होता. सांधे जोडायला वितळवलेली चांदी तिथं नीट उतरली नव्हती. पुन्हा जोडायचं तर सगळी भट्टी कापून काढावी लागणार होती, आणि मग जत्रा हुकणार होती.

महिपतचा धीर सुटला. त्यानं सांध्यावर कथिल वितळवून ओतलं. पुन्हा पंप मारला. थेंब नाही, काटा जागच्या जागी. कथिल विस्तवापुढं टिकत नाही हे त्याला ठाऊक होतं. पण ते ठाऊक असलेला गावात तो एकटाच होता.

गोदावरी चहा घेऊन आली. काटा स्थिर पाहून तिचा चेहरा उजळला. ती म्हणाली, "पहिली आपली छबी बसंल हं गाडीत. नातीचा मान हाय तो."

महिपतच्या हातातला कप तसाच राहिला. "छबी नको," तो म्हणाला.

"का?"

गोदावरीनं एकदा बॉयलरकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं. "मग लोकांची पोरं बसवायची व्हय?" एवढंच बोलून ती आत गेली.

महिपतनं त्याच दिवशी कथिल खरवडून काढलं.

जत्रेत त्यानं थंडच इंजिन दोरीनं ओढत मैदानात आणलं. सगळ्यांसमोर पंप मारला आणि भट्टीत आरसा धरला. "इथं गळतंय. आज इंजिन चालणार नाही," तो म्हणाला.

"इंजिन कसलं, पाझरणारा माठ हाय ह्यो," बाबू गुरव ओरडला आणि मैदान हसलं. जयवंतरावांचा चेहरा पडला. "एका थेंबापायी माझं नाक कापलंत, महिपतराव," असं म्हणून ते निघून गेले. महिपत मान खाली घालून दोरी ओढत घरी आला. त्याला फार लागलं होतं.

त्यानं भट्टी कापली. तांबं कमी पडलं, तेव्हा गोदावरीनं आपणहून तांब्याचा हंडा आणून त्याच्या पुढ्यात ठेवला.

पुढच्या जत्रेत पुन्हा तोच पंप, तोच आरसा. ज्याला पाहायचं त्यानं वाकून पाहिलं. सांधे कोरडे होते. मग महिपतनं जास्तीचं पाणी सोडून दिलं आणि कोळसा पेटवला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग आतून चहाच्या किटलीसारखा बारीक आवाज येऊ लागला. काटा चढला. महिपतनं वाफ सोडायचा दांडा ओढला, आणि कुशीचं जड चाक, कुणी हात न लावता, आपलं आपण फिरू लागलं. म्हाताऱ्यांनी नकळत हात जोडले.

महिपतनं छबीला उचलून पहिल्या बाकावर बसवलं. बाकी कुणाला त्यानं बोलावलं नाही. बोलावायला तोंड कुठं होतं?

गर्दीतून बाबू गुरव पुढं आला. त्यानं आपला धाकटा मुलगा छबीशेजारी बसवला. "गेल्या जत्रेत थेंबसुद्धा लपवला नव्हता ह्या माणसानं," तो मागं वळून म्हणाला. मग बायका आपापली पोरं घेऊन आल्या. गाडी गच्च भरली. शेवटच्या बाकावर, फेटा सावरत, जयवंतराव स्वतः बसले.

गुडघ्याहून थोडंच उंच असलेलं ते इंजिन एकदा हुंकारलं आणि सगळ्यांना घेऊन चालू लागलं. गोदावरीचे डोळे भरून आले. शेजारणीचा हात धरून ती म्हणाली, "बघ, माझं घंगाळ चाललंय."

तात्पर्य: जो आपल्या कामातला दोष स्वतःच आरसा धरून दाखवतो, त्याच्या भरवशावर लोक आपली लेकरं निर्धास्त सोपवतात.