आनशीच्या बरण्या

फार वर्षांपूर्वी करंजखोलच्या देवराईत अगराची चाळीस झाडं होती. ती कशी गेली ते ऐका, आणि आपल्याच वाडवडिलांची अक्कल ऐकून लाज वाटली तर वाटू द्या.

निरोगी अगर आतून पांढरा, बिनवासाचा. जखमेतून बुरशी शिरली तरच लाकूड काळं पडतं आणि जाळल्यावर सुगंध सुटतो. आत सुगंध आहे की नाही हे बघायला गावानं सोपा उपाय काढला, झाड तोडायचं! देवाच्या धुपासाठी एक तोडलं, पांढरं निघालं, म्हणून दुसरं तोडलं. असं करत देवराई उजाड झाली आणि सुगंध मिळाला मूठभर. एकटी आनशी लोणचेवाली घसा फोडून ओरडत होती. तिचं ऐकतो कोण?

शेवटी एका बुंध्याला करंगळीएवढा फुटवा आला. बी धरायला झाडच उरलं नव्हतं. हा फुटवा गेला की अगर संपला. आनशी पूर्वी शहरात, बाटलीत रोपं वाढवतात तिथं बाटल्या धुवायला होती, असं म्हणतात. तिनं लोणच्याच्या बरण्या उकळल्या. आत समुद्रातल्या शेवाळाची घट्ट खळ, साखर आणि शहाळ्याचं पाणी घातलं, स्वतःच्या तोंडाला फडकं बांधलं आणि फुटव्याचे शेंडे त्यात रोवून झाकणं लावली. तिच्या रागानं पाणी चुलीवर चढवण्याआधीच उकळायचं, असं म्हणतात. एका शेंड्याचे दहा कोंब झाले, दहांचे शंभर.

मातीवाचून झाड! गाव हरखलं. आनशी शहाळी आणायला गेली तेवढ्यात गावानं झाकणं काढून कोंबाकोंबाला हळदकुंकू वाहिलं. चार दिवसांत बरण्या बुरशीनं भरल्या.

"मेल्यांनू, आधी कुऱ्हाडीन मारलात, आता कुंकवान मारलात!" आनशी कडाडली.

गावचा मुख्य मानकरी, गावकार, हात जोडून म्हणाला, "आनशे, भक्तीन केला गो."

"भक्ती? हात धुतलंस काय रे आधी?"

गावकारानं जोडलेले हात पाठीमागे नेले. हात कुणीच धुतले नव्हते.

उंच फळीवरची एक बरणी तेवढी वाचली, कारण तिथं कुणाचा हात पोचला नव्हता. आनशीनं पुन्हा स्वतःच्या तोंडाला फडकं बांधलं ते बारा वर्षं सोडलं नाही. त्या एका बरणीतून तिनं हजार रोपं केली आणि या काळात गावाशी चकार शब्द बोलली नाही. शेवटचं रोप देवराईत लावलं त्या दिवशी तिनं फडकं सोडलं आणि बारा वर्षांचा राग असा ओकला, की डोंगरावरचे कातळ हलले. मग ती झाडांत शिरली. पुन्हा कुणाला दिसली नाही, असं म्हणतात.

करंजखोलात आजही देवाला अगर जाळत नाहीत. दर आषाढात सगळे तोंडाला फडकं बांधून देवराईत रोपं लावतात. हळदकुंकू नाही, आरती नाही. गावातली सर्वांत म्हातारी बाई त्या जुन्या बुंध्यावर चढते आणि घराघराचं नाव घेऊन शिव्या घालते. उलट कुणी बोलत नाही. शेवटी ती विचारते, "हात धुतलात काय रे?"

आणि अख्खं गाव, गावकारासकट, ओले हात पुढे करून दाखवतं.