न वाजवलेलं मडकं

सोनवळच्या आठवडी बाजारात कुंभाराच्या दुकानापुढे थोडा वेळ उभे राहिलात, तर एक गोष्ट लक्षात येईल. गिऱ्हाईक येते, हाताला लागेल ते मडके उचलते आणि काखेला मारून चालू लागते. टिचकी मारून ते खणखणीत वाजते की बद्द, हे कोणी बघत नाही. एखादे घरी गेल्यावर गळते. गळले तर त्यात तुळस लावतात, नाहीतर डाळ भरून ठेवतात, पण परत नेत नाहीत. बाहेरगावच्या पाहुण्याने चुकून टिचकी मारलीच, तर शेजारची म्हातारी त्याचा हात धरते. "आमच्यात वाजवीत न्हाईत, बाबा," एवढेच म्हणते.

का वाजवत नाहीत, ते तळ्याईच्या देवळाच्या पायरीवर बसून दौलतआप्पा गुरव सांगतात. आधी ते समोरच्या तळ्याकडे बोट करतात. सोनवळचे सगळे शिवार काळे आहे, तळ्याचा हा एवढाच काठ लाल. ही लाल माती जागची नव्हे, ती कच्च्या मडक्यांची आहे, असे आप्पा सांगतात. मग पानाची चंची बाजूला ठेवतात.

फार मागे, म्हणे, या गावात दिव्य करायची चाल होती. कोणावर चोरीचा, चहाडीचा, बदफैलीचा आळ आला, की त्याने न भाजलेल्या मडक्यात तळ्याचे पाणी भरायचे आणि पायऱ्या चढून देवीच्या उंबऱ्याशी आणायचे. मडके टिकले तर माणूस खरा. विरघळले तर त्याने आल्या पावली वेशीबाहेर जायचे. हे मडके घडवायचा मान रखमाजी कुंभाराचा होता.

रखमाजीचा कान पंचक्रोशीत नावाजलेला. मडकी भाजून आवा उतरला की तो एकेका मडक्याला टिचकी मारी, आणि डोळ्यांना न दिसणारी चीर त्याला ऐकू येई. माणसेही आपल्याला अशीच कळतात, असे त्याला वाटू लागले होते. मडके वाजवता वाजवता माणूस इतरांनाही वाजवू लागतो. त्यात त्याचे स्वतःला वाजवून बघायचे तेवढे राहून जाते.

दिव्याच्या मडक्याचे एक मर्म होते, ते कुंभाराच्या घरातच ठाऊक. लोकांना वाटे, जितके वाळलेले तितके टिकाऊ. खरे उलटे आहे. जाड बुडाचे, सावलीत ठेवलेले, अंगात ओल असलेले कच्चे मडके पाणी बराच वेळ धरते. पातळ थापलेले, उन्हात खडखडीत वाळलेले मडके पाणी लागताच बुडातून सुटते. ज्याच्याबद्दल रखमाजीला बरे वाटे, त्याचे मडके तो सावलीत ठेवी. ज्याच्याबद्दल वाईट वाटे, त्याचे उन्हात. आपण लबाडी करतो असे त्याच्या मनातही येत नसे. देवीच आपल्या हाताला सुचवते, अशी त्याची समजूत होती. त्याच समजुतीने त्याने एकदा सख्ख्या धाकट्या भावाचे, म्हाकूचे मडके उन्हात ठेवले होते. देवीचा चांदीचा टोप नाहीसा झाला होता आणि भावाभावांत तेव्हा बोलणे नव्हते. मडके तिसऱ्या पायरीवर सुटले. म्हाकू गेला. टोप पुढे गाभाऱ्यातल्या घुशीच्या बिळात सापडला, पण तोवर म्हाकू कुठल्या मुलखात आहे हे कोणाला ठाऊक नव्हते, आणि कोणी शोधलेही नाही.

रखमाजीची बायको वारलेली. मुलगा येसबा गाढवांवर मडकी लादून महिनोन् महिने नदीपलीकडे विकत फिरे. घरात सून राही. तीही कुंभाराचीच लेक, माती मळण्यात सासऱ्याला हार न जाणारी. रखमाजी तिला सून म्हणत नसे, पोरी म्हणे. जेवताना तिने आधी घास घेतल्याशिवाय तो घेत नसे.

आव्याला लागणारा केरकचरा आणायला राही रोज गावाबाहेरच्या उकिरड्यावर जायची. हळूहळू बायकांच्या ध्यानात आले, की जाताना तिची पाटी रिकामी नसते. वर फडके असते, आणि उकिरड्याच्या पलीकडे, बाभळीत, ती बराच वेळ दिसेनाशी होते. "कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर यायचीच म्हनत्यात," पाटलीण पाणवठ्यावर म्हणाली, "ही तर रोज जातीया. नवरा मुलखात, आन हिला कचऱ्याची एवढी वढ!" बायका हसल्या. कोणीतरी बाभळीत पुरुषाचा खोकला ऐकला. संध्याकाळपर्यंत त्या खोकल्याला नाव, वय आणि जात मिळाली होती.

गोष्ट चावडीवर गेली. पाटलाने रखमाजीला बोलावून सांगितले, की पौर्णिमेला सुनेचे दिव्य आहे, मडके तुझे तूच घडव.

रखमाजी घरी येऊन चाकाजवळ बसला. "पोरी, बाभळीत कोन हाय?"

राहीने मान खाली घातली. "ते इचारू नका, मामंजी. शबूद दिलाय म्या."

"मला बी सांगनार न्हाईस?"

"तुमाला तर न्हाईच."

हे त्याच्या काळजाला लागले. तरी त्याने दोन मडकी घडवली. एक जाड बुडाचे, ते आडोशाला ठेवले. एक पातळ, ते उन्हात. आपण दोन का घडवतो आहोत, हे त्याने स्वतःला विचारले नाही. पौर्णिमेच्या सकाळी तो दोन्हींच्या मध्ये उभा राहिला. राही तशी नाही, हे त्याला आत कुठेतरी कळत होते. पण सावलीतले दिले आणि ते टिकले, तर गाव म्हणेल, घरचं म्हणून झाकलं. इतकी वर्षे ज्या कानाला लोक मान देत आले, त्या कानावरच बोल येईल. आप्पा इथे थांबतात आणि म्हणतात, की माणूस दुसऱ्यावर कठोर होतो ना, तो बहुतेक वेळा दुसऱ्यासाठी नसतोच. आपल्याकडे कोणी बघू नये म्हणून तो बोट दाखवतो.

रखमाजीने उन्हातले मडके उचलले.

तळ्यावर सारा गाव जमला होता. राहीने मडके हातात घेतले मात्र, तिच्या बोटांना कळले. कुंभाराच्या लेकीला ते सांगावे लागत नाही. तिने सासऱ्याकडे बघितले आणि त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "लई वाळलंय, मामंजी."

रखमाजी म्हणाला, "देवीची मर्जी."

तिने पुढे वाद घातला नाही. पाणी भरले, मडके छातीशी धरले आणि चढू लागली. दुसऱ्या पायरीवर बूड सुटले. लाल गाळ तिच्या लुगड्यावरून पायांपर्यंत ओघळला. लोकांनी ओरडा केला, पोरांनी ढेकळे मारली. राही तशीच ओल्या अंगाने वेशीकडे गेली. रखमाजीने पाठ फिरवली होती, म्हणून ती वेशीपाशी कोणाकडे वळून बघत होती, हे त्याला दिसले नाही.

दोनच दिवसांत पुढचा आवा लावायची वेळ आली. कचरा आणायला आता घरात कोणी नव्हते. पाटी घेऊन रखमाजी स्वतः उकिरड्यावर गेला, आणि बाभळीतून त्याला खोकला ऐकू आला. काट्याकुट्यांच्या आडोशाला एक माणूस पडला होता. नुसती हाडे आणि त्यांवर कातडे. डोळ्यांनी त्याला दिसत नसावे. पावलांचा आवाज ऐकून त्याने हात पुढे केला.

"आलीस व्हय गं राही? म्हनलं, इसरली पोर."

आवाज म्हाकूचा होता. रखमाजी त्याच्याजवळ बसला. त्याने भावाचा हात धरला, तशी म्हाकूची बोटे त्याच्या तळव्यावरून फिरली.

"कोन? दादा?" म्हाकू म्हणाला. "पोरीकडनं मी शबूद घेतला हुता, दादाला सांगू नगंस म्हनून. मला मातीत मिळायचं हुतं आपल्या. तुला कळलं असतं तर तू पुन्यांदा मडकं घडवलं असतंस."

रखमाजीने त्याला उचलून घरी आणले. सावलीतले मडके अजून आडोशाला तसेच होते. म्हाकू दुसरा दिवस उगवायच्या आत गेला.

मग रखमाजी राहीला शोधत फिरला. तिच्या माहेरी गेला. तिथे तिची कथा तिच्याआधी पोचली होती आणि बापाने दार उघडले नव्हते. त्यापुढे तिला कोणी पाहिले नाही. येसबा परतला, सगळे ऐकले, गाढवांवरची मडकीही न उतरवता बायकोच्या शोधात निघाला. तोही पुन्हा दिसला नाही.

रखमाजीने देवळापुढे उभे राहून सारे सांगितले. सावली, ऊन, जाड बूड, पातळ बूड, आजवरचे प्रत्येक मडके. "देवीनं कुनालाच घालवलं न्हाई," तो म्हणाला, "म्या घालवलं." गावाने ऐकून घेतले. पण कोणाची भावजय दिव्यात गेलेली, कोणाचा चुलता, कोणाची म्हातारी. म्हाताऱ्याचे खरे मानले, तर ती सगळी माणसे निर्दोष ठरत होती आणि ओरडा करणारे हे सारे गुन्हेगार. त्यापेक्षा सुनेच्या दुःखाने कुंभाराला भ्रम झाला, हे मानणे सोपे होते. लोकांनी त्याला हाताला धरून घरी पोचवले. काहीजण रडलेसुद्धा.

दिव्याचे मडके मात्र त्याने पुन्हा घडवले नाही, आणि त्याच्यामागे कोणी घडवले नाही. उरलेल्या आयुष्यात त्याने एकाही भांड्याला टिचकी मारली नाही. चांगली, चिरलेली सगळी एकत्र मांडी आणि गिऱ्हाइकापुढे हात जोडी, "वाजवू नगा. हाय तसं न्या." एवढे गावाने मान्य केले. त्यात गेले तर एक मडकेच जाणार होते.

आजही सोनवळमध्ये मडके वाजवत नाहीत. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी विचारतेच, की मग आप्पा, इथे माणसे एकमेकांना नावे ठेवत नसतील? आप्पा चंची उघडतात. तळ्यापलीकडे एक पत्र्याचे घर दिसते, त्यात नवऱ्याने टाकलेली एक बाई राहते. गाव तिच्याबद्दल काय काय बोलते, ते पाहुण्यांपुढे सांगण्यासारखे नाही. "मीबी बोलतो," आप्पा म्हणतात. "गोष्ट रोज सांगतो, आन घरी जाऊन बोलतो." बाजाराच्या दिवशी ती बाई येते, तेव्हा बायका पदर सावरून बाजूला सरतात. ती मडके उचलते, न वाजवता काखेला मारते आणि एकटी तळ्याच्या लाल काठाने परत जाते.