बगळोबांचा गुडघा

फार मागची गोष्ट. तेव्हा ओढ्याचे कायदे ओढ्याकाठची मंडळीच करत. पाणमांजराने ओढ्यावर बांध घातला, तेव्हा सगळ्यांनी ठरवलं, की बांधाखाली बगळोबांचा गुडघा बुडेल इतकं पाणी रोज सोडायचं; उरलेलं पाणमांजराचं. माप म्हणून आपलाच पाय निवडला, याचा बगळोबांना कोण अभिमान!

उन्हं तापू लागली. एका सकाळी पाणमांजर मासा घेऊन आलं.

"बगळोबा, उभं राहून पाय दुखत असतील. जरा वाकलात तर बिघडलं कुठे?"

बगळोबा जरासे वाकले. गुडघा बुडाला.

मग रोज एक मासा आणि रोज थोडं जास्त वाकणं. खालच्या डोहातली बेडकी ओरडायची, "अहो, आमच्याकडे नुसता चिखल उरलाय!"

"माझा गुडघा बुडालाय ना? मग झालं तर," बगळोबा म्हणायचे. खोटं तर ते बोलत नव्हतेच.

एक दिवस पाणमांजर रिकाम्या हाताने आलं.

"मासा कुठाय?"

"मासे खालच्या डोहातूनच वर चढायचे, बगळोबा. आता एकही येत नाही."

 बगळोबांनी घाईघाईने सगळ्यांना बोलावलं. "पाणी कमी पडतंय! हे बघा!"

"मग ताठ उभे राहा," बेडकी म्हणाली, "म्हणजे दिसेल सगळ्यांना."

बगळोबांनी जोर लावला. पुन्हा लावला. पण इतके दिवस वाकलेले पाय काही केल्या सरळ होईनात.

सगळ्यांनी वाकून पाहिलं. गुडघा बुडालेला होता.