धाकूच्या वाटणीची तारली

"...मंग तारली गेली तरी कुठं, बाबा?"

धाकू तांडेल दर्ग्याच्या ओट्यावर मटकन बसला. पहाटेपासनं समुद्र पिंजून आलेला. डोळे लाल, हात खाऱ्या पाण्यानं चिरलेले. टोपलीत तळाला मूठभर तारली मासळी, ती बी बोटाएवढी. खांद्यावर कोरं जाळं, अजून पाणी न बघितलेलं.

हसनशा फकीर चुलीपुढं बसलेला. म्हातारा बी दमलेलाच. त्यानं टोपली ओढली, तारली साफ केली, तव्यावर टाकली.

"ह्या जाळ्याला दुवा मागून दोरा बांधा, बाबा. बारीक भोकांचं आणलंय. ह्यात बी नाय गावली तर होडी मोडीत घालतो."

"पिल्लं अडकतील की रं."

"अडकू देत! कोंबडीच्या खाद्याचा कारखाना चिल्लर बी उचलतो."

"पोटात अंड्यांची गाबोळी भरलेली बी?"

धाकूचं टाळकं सरकलं. "मंग काय पूजा करू तिची? मी सोडली तर पलीकडच्या बंदरातले धरणार! मेल्यांनी मासळी खेचायला पाण्यावर दिवे लावलेत, दिवे! मी एकट्यानं साधू होऊन समुद्र भरणार हाय?"

फकिरानं तव्यावरची तारली ताटात काढली.

त्यानं ताट दोघांच्या मधी ठेवलं. धाकूच्या तोंडाचा पट्टा चालूच. बंदराला शिव्या, सरकारला शिव्या, इंजनाला शिव्या. म्हातारा एकेक तारली उचलतोय, काट्यासकट चावतोय, सावकाश.

धाकूनं हात घातला. ताट रिकामं.

"ओ बाबा! माझ्या वाटणीची कुठाय?"

"मी सोडली असती तर मांजरानं खाल्ली असती."

"कुठलं मांजर?"

फकिरानं दाराकडं हनुवटी केली. उंबऱ्यावर मांजर बसलेलं. बरगड्या मोजून घ्याव्या असं. ते बी ताटाकडंच बघत हुतं.

धाकू मांजराकडं बघत राहिला. मांजर धाकूकडं.

...

"कालपासनं पोटात काय नाय, बाबा," धाकू हळूच बोलला. आवाजातली आग पार विझलेली. "दमलो आता. भांडायचं बी त्राण नाय. तेवढा दोरा बांधा, मी निघतो."

फकिरानं हिरवा दोरा काढला. जाळं मांडीवर घेतलं. एका भोकात करंगळी घालून बघितली. गेली नाय. दुसऱ्यात घातली. तिथं बी नाय.

त्यानं दोरा परत खिशात टाकला.

"का हो? माझ्यासाठी दुवा नाय मागणार?"

"मागतो की," फकीर जाळं त्याच्या खांद्यावर ठेवत म्हणाला. "पण तुला जे मिळायचंय, ते आधी ह्यातनं सुटायला पाहिजे."